हॅलोनंतर आजोबा कुठे जायचे

आमचे हे कुलपांचे कारागीर. चावी हरवू द्या, तिजोरी अडू द्या, पाच मिनिटांत मोकळी. पण नातीशी बोलायचं म्हटलं की यांचीच दातखीळ बसायची! पोर दूरदेशी वाढलेली, तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही. रविवारी मुलाचा फोन आला की हे तिला "हॅलो" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात कोंबून बाजूला व्हायचे. मी आपली बिनदिक्कत मराठीत बडबडायची.

यंदा ती सुट्टीला येणार कळलं, तसं यांनी इंग्रजी मनावर घेतलं. शाळेचं पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर घोरायला लागायचे. मग रद्दीवाल्याकडून जुन्या इंग्रजी रहस्यकथांचा गठ्ठा आणला. खून कुणी केला हे कळल्याशिवाय चैन पडेना, म्हणून माणूस शब्दकोश घेऊन बसला! दुकानातल्या चाव्यांच्या खणांवर शब्दार्थांच्या चिठ्ठ्या लागल्या: विष, प्रेत, संशयित. घरी माझ्या कानाशी घोकंपट्टी, "विटनेस म्हणजे साक्षीदार, विटनेस म्हणजे साक्षीदार."

"अहो, सात वर्षांची पोर ती!" मी म्हटलं. "तिला काय, प्रेत कुठे लपवलंस विचारणार?"

मुला-सुनेबरोबर नात आली आणि दोन दिवस आईला चिकटून राहिली. यांच्याकडे मान वर करून बघेना. हे नुसते घुटमळायचे. माझा जीव तुटत होता हो.

तिसऱ्या दिवशी डब्यातली बिस्किटं गायब झाली. यांनी कुलपं तपासायचं भिंग डोळ्याला लावलं, टेबलावरचा चुरा न्याहाळला आणि इंग्रजीत नातीला दरडावलं. मुलाने मला अर्थ सांगितला, "काल दुपारी चार वाजता तू कुठे होतीस?"

झालं! मला वाटलं, आता भोकाड पसरणार. पण तिचे डोळे लकाकले. झोपले होते म्हणाली, पण साक्षीदार नाही. तिथून जी उलटतपासणी सुरू झाली, ती जेवायची वेळ टळली तरी संपेना. पुढचे आठ दिवस घरात दोन डिटेक्टिव्ह. माझा चष्मासुद्धा जागेवर सापडायचा नाही.

निघायच्या दिवशी तिने भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं आणि यांना खुर्चीत बसवलं.

"ती विचारतेय," मुलगा मला हळूच म्हणाला, "हॅलो म्हटल्यावर आजोबा दर वेळी कुठे जायचे?"

यांचा चेहरा खर्रकन उतरला. कसेबसे इंग्रजीत म्हणाले, ते मुलाने मला सांगितलं, "इथेच होतो. माझ्याकडे शब्द नव्हते."

"विटनेस?" पोरगी काही सोडेना.

या शब्दाचा अर्थ मात्र मुलाला सांगावा लागला नाही. इतकी वर्षं हा माणूस कपाटाला टेकून, डोळे मिटून फोनमधला तिचा आवाज ऐकायचा, ते मी बघितलंय. मी हात वर केला.

"मी! मी विटनेस!"

पोरीने भिंग काढलं आणि आजोबांच्या मांडीवर चढून बसली.

आता रविवारचा फोन माझ्या हाती यायचं नावच घेत नाही.