बाहेरचा पाला

सहल म्हटली की पोरांना गाडी लागते, खाऊ लागतो आणि निदान एकाला तरी उलटी व्हावी लागते. आमची ती सहल नव्हती. कागदोपत्री तिला 'क्षेत्रभेट' म्हणतात, म्हणजे चालत जायचं, बघायचं, चालत परत यायचं आणि संध्याकाळच्या आत फोटो वर पाठवायचे. भवानीनगरच्या अलीकडं एका वस्तीवर माझी शाळा. तिसरीचा वर्ग, सत्तावीस पोरं. मी बारामतीहून रोज स्कूटीवर येते. त्या आठवड्यात जीवनचक्र शिकवत होते. अंडी, अळी, कोष, पतंग असे चार गोल फळ्यावर काढून काढून मला कंटाळा आला होता. शाळेपासून पंधरा मिनिटांवर एका मावशींची रेशमाच्या अळ्यांची शेड होती. म्हटलं, गोल पुरे झाले, पोरांना खरंच दाखवू.

मला वळण लावायची भारी हौस. आदल्या दिवशी पोरांना बजावलं, "कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये." कुणीतरी विचारलं, "बाई, आळ्यांच्या घरी काय न्यायचं?" मी हसत म्हटलं, "त्यांना काय आवडतं? तुतीचा पाला." गंमत म्हणून बोलले आणि विसरले. पोरंही विसरली, एक सोडून.

ती पहिल्या बाकावर बसायची. आईवडील भाजीपाला करणारे, रान शाळेच्या मागच्याच अंगाला. वाचताना अडखळते म्हणून त्या वर्षात मी तिला किती वेळा बोलले असेन, ते न सांगितलेलं बरं. सकाळी ती ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं धरून आली.

"बाई, आमच्या बांधावर तुतीचं झाड हाय. आत्ताच तोडलाय."

सगळ्या वर्गासमोर मी तिला शाबासकी दिली. ही पोर माझ्याकडं बघून हसली, ते त्या वर्षात पहिल्यांदाच.

शेडच्या दारात मावशींनी सगळ्यांचे हातपाय औषधाच्या पाण्यानं धुऊन घेतले. साठीच्या असतील. एकट्या शेड बघायच्या, आणि अळ्यांबद्दल घरातल्या माणसांसारखं बोलायच्या. "आता चार दिसांत कोष धरत्याल. ह्या दिसांत लई भूक आसती त्यास्नी." आत लोखंडी मांडण्यांवर पांढऱ्या अळ्याच अळ्या, आणि एकसारखा कुरकुर आवाज. एक पोरगं म्हणालं, "बाई, भजी तळल्यागत वाजतंय." सगळी हसली. खालचा कप्पा पोरांच्या हाताला येत होता. तिथं पोरं वाकून वाकून बघत राहिली.

मग त्या मुलीनं फडकं पुढं केलं. मावशी थबकल्या.

"भाईरचा पाला घालत न्हाय ओ आमी."

त्यांनी नाही म्हटलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. माझ्या तोंडात मात्र लगेच शब्द तयार होते. "राहू द्या हो मावशी, एवढ्या हौसेनं आणलाय. पोरीचं मन मोडू नका." शाळेच्या बाईंना कोण नाही म्हणणार? त्यांनी पानं नाकाशी नेली, माझ्याकडं बघितलं आणि मुलीला म्हणाल्या, "घाल पोरी. सगळ्यास्नी थोडा थोडा घाल, एकीलाच नगं." मुलीनं खालच्या कप्प्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाला पसरला. मी फोटो काढला. त्यात ती तोंड भरून हसते आहे. त्या दिवशी वर पाठवलेल्या फोटोंत तोच सगळ्यांत चांगला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. मी त्यांच्याबरोबर शेडवर गेले. खालचा कप्पा गप्प होता. अळ्या डोकं वर करून झोकांड्या खात होत्या, तोंडातून हिरवं पाणी येत होतं, आणि बऱ्याचशा आखडून पडल्या होत्या.

"आवशिदाचा पाला व्हता त्यो," मावशी म्हणाल्या. "रानात फवारलं आसंल, बांधावरच्या झाडावर उडालं आसंल. कुणाची ओ पोर ती?"

मी म्हटलं, "आठवत नाही. सत्तावीस पोरं आहेत." मावशींना ते खोटं कळलं. त्या घमेलं घेऊन मेलेल्या अळ्या उचलायला लागल्या. मीही खाली बसले. थंडगार आणि मऊ लागत होत्या. घमेलं अर्धं भरल्यावर त्या म्हणाल्या, "पोरीला सांगू नगा. तिनं तर पाव्हणचार केला व्हता." मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावण्यासारखं माणूस तिथं एकच होतं, आणि त्यालाच त्या 'बाई, हात धुऊन घ्या' म्हणत होत्या.

वर्गात ती रोज सकाळी विचारायची, "बाई, कोष झालं का?" मी म्हणायचे, होतील. मग म्हणायला लागले, झाले. एकदा तर म्हटलं, "खालच्या कप्प्यातले सगळ्यांत मोठे झालेत." एवढं लांबवायची काही गरज नव्हती, पण खोट्याला एकदा पाय फुटले की ते थांबत नाही.

मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून एक दिवस वह्या तपासता तपासता तिला सहज विचारलं, "तुमच्या रानात फवारणी कधी झाली होती गं?"

"क्षेत्रभेटीच्या आदल्या दिशी. सांजच्याला."

"बरं," मी म्हटलं आणि वहीवर सही केली. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या पोरीला औषध मारलेल्या पाल्याला हात लावू नये, हे बोलायला लागल्यापासून माहीत असतं. त्या दिवशी सकाळी आपल्या आनंदात तिला तेवढंच आठवलं नव्हतं, आणि ते तिला मी आठवून दिलं. हे मला तेव्हा सुचलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं कोषांचं विचारायचं बंद केलं. मला हायसं वाटलं. पोरं विसरतात, असं मी मनाला सांगितलं.

पुढं मावशींनी वरच्या कप्प्यांतले ओंजळभर कोष माझ्याकडं दिले. "पोरांस्नी दावा. इकलं की उकळत्यात, मग पतंग कुठला निघायचा? तुमच्याकडं तरी निघू द्या." मी ते बुटाच्या खोक्यात घालून वर्गातल्या खिडकीत ठेवले. पोरं रोज खोक्याला कान लावायची. ती मुलगी जवळ यायची नाही. मी वाचनाला तिला उठवणंही सोडून दिलं होतं. तिचं अडखळणं मला आता ऐकवत नव्हतं.

एके सकाळी एका कोषाला ओलं भोक पडलं होतं, आणि खोक्याच्या कडेला पांढरा पतंग पंख थरथरवत बसला होता. वर्ग नुसता उसळला. चौथा गोल शेवटी पोरांनी डोळ्यांनी बघितला. मधली सुट्टी झाली, सगळी ताटं घेऊन बाहेर पळाली, आणि ती मागं राहिली. कुठल्या वेळी घरी जाऊन आली कोण जाणे. फ्रॉकच्या ओच्यात तुतीची पाच-सहा पानं होती, पाणी निथळत होतं.

"बाई, तीनदा धुतलाय," ती म्हणाली. "बोअरच्या पाण्यानं. आन् ह्यो दुसऱ्या झाडाचा हाय, त्येच्यावर आवशिद उडत न्हाय, मी आण्णांना इचारलं. आता घालू का?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. माझं 'झाले, झाले' खोटं होतं हेही, 'सगळ्यांत मोठे' खोटं होतं हेही. इतके दिवस ती ते एकटीच घेऊन शाळेत येत होती, आणि मी समोर खुर्चीत बसून होते.

रेशमाचा पतंग काही खात नाही. त्याला खायला तोंडच नसतं. थोडे दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. एवढा भाग मी शिकवायचा ठेवला होता.

मी म्हटलं, "घाल."

तिनं एक एक पान पुसून पतंगाच्या पुढ्यात ठेवलं. आणि सुट्टी संपेपर्यंत, न जेवता, तो खातो का बघत ती खोक्यापाशी उभी राहिली.