बुटक्यांचे कैवारी

आमच्या भाऊजींइतका बुटक्या माणसांचा कैवारी साऱ्या भंडारा जिल्ह्यात झाला नसेल, आणि ते स्वतः सहा फुटांच्या वर होते. सानगडीच्या घरात शिरताना त्यांचे कपाळ चौकटीवर आपटे. मग कपाळ चोळत ते म्हणत, "उंचीचा एवढाच उपयोग." हायस्कुलात ते खेळ शिकवत. जगाच्या मैदानावर जायचे तर आपल्या मुलांनी आपल्या ठेंगण्या अंगाला जमणारे खेळ खेळावेत, वजन उचलावे, जिम्नॅस्टिक्स करावे, हलक्या गटातली कुस्ती खेळावी, हे त्यांचे तत्त्वज्ञान. "बास्केटबॉलची टोपली वर टांगली आहे," ते मला समजावत. "तिथवर हात पुरवता पुरवता आपले पोट्टे म्हातारे होतीन. वजन कसं, जमिनीवर ठेवलं असते. ज्याले वाकाले कमी लागते, तो जिंकन."

कोणी ठेंगणा दिसला की भाऊजींची नजर आधी त्याच्या मांड्यांवर जाई. कोंढ्याला एका लग्नात नवरदेव बेताच्या उंचीचा होता आणि त्याच्याकडची मंडळी त्यावरून आधीच हळवी झालेली. भाऊजी थेट त्याच्यापुढे जाऊन म्हणाले, "जरा उकिडवे बसून दाखवा जी." आपल्याकडे नसलेला हा मुलीकडचा एखादा विधी असेल असे समजून तो बिचारा बाशिंग सावरत मांडवातच बसला. "पाहा, टाचा उचलल्या नाही! वजन उचलणाराची बैठक अशीच पाहिजे!" भाऊजी हरखून ओरडले. माझी ताई त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. तिला या खेळांचे काडीचे कौतुक नव्हते. "यायले माणसं दिसत नाही, गडी दिसतात," एवढेच ती म्हणे.

रंजू त्यांना तलावावर सापडली. तिचे वडील नामदेव मासे धरत, आणि ही ठेंगणी पोरगी भरलेले टोपले डोक्यावर घेऊन बांधाची उंच पाळ अशी चढे, जणू सपाटीवर चालते आहे. नामदेव तयार नव्हते. "पोरीनं लोखंड उचलून का होते जी?" भाऊजी महिनाभर त्यांच्या दारात बसले. शेवटी नामदेव म्हणाले, "तुमी संगं जासान त धाडतो. एकटी नाही धाडत."

पहिल्या स्पर्धेच्या दिवशी बस पकडण्याआधी नामदेव रंजूला घेऊन ताईकडे आले, आणि ताईच्या घरून कोणी उपाशी जात नाही. "एवढं उचलाचं आहे, अन् पोटात काही नाही?" म्हणत तिने भात आणि माशांचा रस्सा वाढला. दुसऱ्यांदा भात तर स्वतः भाऊजींनीच आग्रहाने वाढला. स्पर्धेच्या जागी वजनकाट्याने रंजूला तिच्या वजनगटापेक्षा जरा जड ठरवले. मग घाम गाळून वजन उतरवायला भाऊजींनी तिला आपला स्वेटर चढवून भर उन्हात मैदानाभोवती पळवले. एकटीला लाज वाटते म्हणाली, तेव्हा कानटोपी घालून स्वतःही मागे धावले. वजन उतरायच्या आत वेळ संपली. वरच्या गटात, तिच्याहून थोराड मुलींमध्ये, रंजू मागे पडली.

दोघे परतले तेव्हा नामदेव सानगडीच्या थांब्यावर वाट पाहत उभे होते. पोरीचा खेळ इथेच संपला, असे सगळे धरून चालले होते. हकीकत ऐकून नामदेवांनी विचारले, "जेवणानंच हारली ना जी?" भाऊजींनी मान खाली घातली. "मंग पुढच्या खेपेले उपाशीच नेजा."

पुढची खेप भाऊजींना मिळाली नाही. ते पौषात गेले, अगदी अचानक. तेरवीनंतर थोड्याच दिवसांनी रंजूची निवड चाचणी होती. नामदेव आले आणि दारातच उभे राहिले. "आता कोनासंगं धाडू?" ते मला म्हणाले. "राहू द्याव म्हणतो."

ताई आतल्या खोलीत होती. एवढ्यात तिने घराबाहेर पडू नये, असा गावाचा रिवाज. ती डोक्यावरचा पदर नीट करत बाहेर आली. "मी जातो संगं," ती म्हणाली. "सकाळी पाठवा."

दुसऱ्या दिवशी मी दोघींना बसवर सोडायला गेलो. थांब्यावरच्या दोनचार बायकांनी ताईकडे पाहिले, तिने पाहिले नाही. रंजूला खिडकीशी बसवून ती शेजारी बसली. वजन उचलण्याचा खेळ तिने आजवर एकदाही पाहिलेला नव्हता. बस वळेपर्यंत मला दिसत होते, रंजू दोन्ही हात वर करून तिला काहीतरी समजावत होती, आणि ताई मन लावून ऐकत होती.