भुताच्या घरची पोरगी

पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोर चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, एखादा किस्सा होऊन जाऊ द्या." सिनेमात आयुष्यभर भुताची कामं केली आणि हिरोपेक्षा माझ्याकडेच किस्से जास्त साठले. हिरोला निदान नाव असायचं. मी कधी विहिरीतून निघणारं पिशाच्च, कधी मुडदा, कधी नुसताच खिडकीतून येणारा हात. आता हसू येतं, पण आमची लेक वैशाली लग्नाची झाली आणि माझ्या या धंद्यापायी दोन स्थळं परत गेली, तेव्हा मात्र माझी झोप उडाली होती.

*

पहिल्या सिनेमात मला एकच डायलॉग होता, तोही हिंदीत. कबरीतून उठायचं आणि हिरॉइनला धमकी द्यायची. मातीखाली पडून पडून मी डायलॉगच विसरलो. उठलो तर तोंडातून घरचीच बोली निघाली, "थांब, आता सोडतच नाई मी तुले!"

हिरॉइन घाबरायचं सोडून पोट धरून हसत बसली. डायरेक्टर म्हणाला, भूत दिसायला बरं आहे, पण याला बोलू देऊ नका. तेव्हापासून पडद्यावरचा आवाज दुसऱ्याचा. माझं काम फक्त जबडा उघडायचं.

*

सौसरला माझा मावसभाऊ दिवाकर राहतो. त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. एकदा त्यानं माझं मोठं पोस्टर मागून नेलं. बैठकीत लावणार असेल, म्हणून मी बायकोपुढं चांगलाच भाव खाल्ला.

पुढं बगीच्यात गेलो तर मी बांबूला बांधलेला! दिवाकर खुशीत होता. "दादा, वांदरं येऊनच नाई राहिले," म्हणाला. त्याच्या बायकोनं नंतर मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. एक वांदरीण रोज दुपारी पिल्लू घेऊन पोस्टरच्या सावलीत झोपायची.

*

दुसरं स्थळ मोडलं तेव्हा माझी बायको सुमन मला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन गेली. तिथं भूतबाधा झालेल्यांनाही आणतात. रांगेत एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. मला वाटलं, ओळखलं हिनं. मी केस सारखे केले.

तिनं माझ्याकडे बोट करून हळूच सुमनला विचारलं, "कवापासून आहे यायले?"

सुमन म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून."

*

त्यानंतर तिगावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक. त्याला वैशाली आवडली, वैशालीला तो. पण त्या घरात शब्द चालायचा आजोबांचा, आणि त्यांनी पोह्यांच्या बशीला हातही लावला नव्हता. मिशांना पीळ देत, भिंतीकडे पाहत ते म्हणाले की पोरीत काही खोट नाही, पण भुताच्या घरची पोरगी केली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आपण स्वतः असल्या गोष्टींना भीत नाही, हेही सांगायला विसरले नाहीत.

वैशाली चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. सुमननं माझ्याकडे असं पाहिलं की तसं कुणाकडे पाहणं मला सिनेमात कधी जमलं नाही.

मुलाच्या आजी तोवर गुपचूप पोहे खात होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"पांढुर्ण्याच्या टाकीजमंदी तुमचा शिनेमा पायला आमी. तीन लेकरं झाल्ती मले, पन या मानसानं चारचौघांत माहा हात कधी धरला नोता. तुमी हिरीतून निंगाले, तवा धरला. शिनेमा सुटला तरी सोडून नोते राहिले."

आजोबांनी पोह्यांची बशी पुढं ओढली आणि मान खाली घालून खाऊ लागले.