एका दिवसाची शपथ

जग कुणामुळं तापतंय याचा शोध घेत साहेब लोक गेल्या उन्हाळ्यात थेट आमच्या पंधरा घरांच्या गावात पोचले. कर्नाटकातल्या जोयड्याच्या जंगलात यायला त्यांना तीन गाड्या लागल्या. परतताना आत गार वाटावं म्हणून गाड्यांची इंजिनं चालूच ठेवली होती.

सभा देवळाच्या मंडपात भरली. कार्बन डायऑक्साइड, मिथेन असले वायू पृथ्वीवर गोधडीसारखे पसरतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, हे साहेबांनी छान समजावलं. मग गुन्हेगारांची नावं घेतली: आमची चूल, आमच्या म्हशी, आमचं भाताचं शेत. म्हशी विकायला सांगितलं नाही, हे उपकारच. बाहेर घुरघुरणाऱ्या गाड्यांचं नाव काही आलं नाही. शेवटी देवाकडं तोंड करून सगळ्यांनी शपथ घेतली, की आज दिवसभर चूल पेटवणार नाही. मीही हात पुढं केला. फोटो निघाले.

जेवण आमच्या घरी होतं. गावठी कोंबडी हवी आणि तीही चुलीवरचीच, असा साहेबांचा निरोप आधीच आला होता. गॅसवरच्या रश्श्याला म्हणे चव नसते. येऊन बघतात तर चूल थंड आणि कोंबडी अंगणात दाणे टिपतेय.

"अव्वा, ती शपथ फोटोपुरती होती," साहेब माझ्या आईला म्हणाले.

आमच्याकडं देवापुढं शब्द दिला की भावकीतलं भांडणसुद्धा तिथंच मिटतं.

आई म्हणाली, "तुमास्नी चालत असंल, साहेब. तुमी सांजंला जाशीला. आमचा देव हितंच ऱ्हातोय."