अक्का आणि तारखेचा रकाना

हाताने लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन कुणीही राजारामपुरीतल्या त्या टायपिंगच्या खोलीत शिरलं, की अक्का आधी कागद हातात घेत नसत. आधी विचारायच्या, "ह्यातलं कळलेलं किती आन् बघून लिवलेलं किती?" पोरं हसायची. अक्का हसत नसत. उत्तर येईपर्यंत त्यांचे दोन्ही हात मांडीवर असत आणि टाइपरायटरवरचं कापड तसंच राही.

महानंदा अक्का मूळच्या जयसिंगपूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. घरात कानडी, बाजारात मराठी. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या. नवऱ्याची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, तिथे शिकणाऱ्यांच्या मागे उभं राहून त्या स्वतः शिकल्या. नवरा गेल्यावर बाकीची मशीनं विकून त्यांनी दोन ठेवली, एक मराठी आणि एक इंग्रजी. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकात, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असताना. तोवर इंजिनिअरिंगच्या पोरांच्या पाच-सहा बॅचेस त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. इंग्रजी बोलता येत नसे. "बोलाय येत न्हाय," त्या म्हणायच्या, "पर चुकल्यालं दिसतंय." आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत. कपाळावर विभूती, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आवाज असा, की दोन दुकानं सोडून झेरॉक्सवाल्याला हाक मारायला उठावं लागत नसे.

कॉलेजने रिपोर्ट कसा असावा याचं दोन पानी पत्रक काढलेलं होतं. ते कुणी वाचत नसे, कारण अक्का होत्या. डावीकडे दीड इंच, बाकी तिन्हीकडे एक. तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर, आकृतीचं आकृतीच्या खाली. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे, पहिल्या प्रकरणापासून साधे. कुणी डावीकडची जागा वाया जाते म्हणून कुरकुरलं की म्हणायच्या, "बाइंडरचा दाभण तुमची अक्षरं वाचत न्हाय, पावणं. त्यो भोक पाडून मोकळा हुतो." आभाराच्या पानावर बहुतेकांनी पहिल्या ओळीत देव घातलेला असे, मग आईवडील, मग प्राचार्य, आणि गाईड पाचव्या ओळीत. अक्का ते पान परत करायच्या. "देवाला खाली घ्या. त्याला सही करायची नसती."

मागच्या वर्षीचा रिपोर्ट समोर ठेवून नवा लिहिणं ही तेव्हाची सर्रास पद्धत. एकदा माझ्यासमोर मेकॅनिकलची तीन पोरं आली. अक्कांनी पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, पान बेचाळीसवरचा फोटो पाहा.

"तुमची पानं किती?"

"अडतीस, अक्का."

"मग आता काय करू? चार पानं वाढवताय का फोटू काढून टाकताय?"

फोटो मुळात कशाचा होता हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. अक्कांनी गठ्ठा सरळ करून त्यांच्या हातात दिला. "परवा या. तवर एकदा वाचून तरी बघा की रं, काय केलंय तुमी वर्षभर."

मी मनातल्या मनात खूश झाले होते, कारण आमचा रिपोर्ट तसा नव्हता. आमचा तिघांचा ग्रुप होता: मी, रणजित, आणि एक अबोल मुलगा, सुभाष. विषय आमचाच. गुऱ्हाळाच्या चुलाणात उसाची चिपाडं जळून जी राख उरते ती सिमेंटमध्ये थोडी मिसळून काँक्रीटचे ठोकळे करायचे आणि ते किती ताकद धरतात ते बघायचं. राख रणजितच्या मामाच्या गुऱ्हाळावरून पोत्यात आणली. चाळली, राखेचे आणि तुलनेसाठी साधे असे ठोकळे ओतले, पाण्यात ठेवले. ठोकळे अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनवर दाबून फोडायचे हा नियम. वेळापत्रक माझ्याकडे होतं. वहीच्या एका पानावर मी सगळं आखलं होतं: कधी ओतायचं, कधी फोडायचं, कोण हजर राहणार. दोघं मला 'मॅनेजर' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

त्या वेळापत्रकात एक चूक होती. फेब्रुवारीच्या अखेरीस ओतलेल्या ठोकळ्यांचा अठ्ठाविसावा दिवस रंगपंचमीला येत होता. मी मलकापूरची. आधीची वर्षं मी सणाला घरी जायचे. आमच्याकडेही रंग असतो, पण कोल्हापूरची रंगपंचमी म्हणजे सगळं गाव बंद हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी लॅबला कुलूप. पुढचे चार दिवस मशीनवर दुसऱ्या ग्रुपांची नावं. आमचे ठोकळे फुटले ते तेहतिसाव्या दिवशी.

मग मी जे केलं ते तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. तक्त्यात तारीख रंगपंचमीची घातली, ठोकळ्यांचं वय अठ्ठावीस दिवस लिहिलं, आणि ताकद धरायला पाच दिवस जास्त मिळाले म्हणून प्रत्येक आकड्यातून अंदाजाने थोडं वजा केलं. रणजित म्हणाला, "कोण बघतंय?" नियमात न बसणारा तक्ता परीक्षकांनी नाकारला तर वर्ष जाणार, ही भीती मला त्या दोघांपेक्षा जास्त होती. पुण्याच्या एका बांधकाम कंपनीने जूनच्या निकालावर मला नोकरी कबूल केली होती. घरी एक स्थळ आलेलं होतं, आणि वडिलांनी त्यांना 'जूननंतर बघू' एवढंच सांगितलं होतं. नोकरी हातात असेल तर मी पुण्याला, नसेल तर मांडवात. मधला रस्ता नव्हता.

रिपोर्ट द्यायला दोन दिवस उरले होते. दुपारी आम्ही तिघं अक्कांच्या खोलीत बाकावर बसलो होतो. चौथ्या प्रकरणाचा तक्ता चालू होता. अक्का तक्ता टाइप करताना एक शब्द बोलत नसत. रकाने मोजून घेतलेले, टॅब लावलेले, मशीन एका लयीत चाललेलं. ती लय थांबली. अक्कांनी मान वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ही तारीख बराबर हाय?"

"हो अक्का," मी म्हणाले. "ओतल्यापासून अठ्ठावीस दिवस."

"मोजलेलं बराबर हाय. पर त्या दिवशी रंगपंचमी हुती."

मी म्हणाले, लॅब आमच्यासाठी उघडली होती. हे वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज कसं गेलं हे मला अजून समजत नाही.

अक्कांनी चष्मा काढला. "व्हय? आन् ह्यो रणजित त्या दिवशी माझ्या दारात पिंप घेऊन हुबा हुता. त्वांड जांभळं, दात तेवढं पांढरं. माझ्या बाँड पेपरच्या गठ्ठ्यावर बादलीभर रंग वतला ह्यानं. मग मशिनीवर कोण हुतं, सुभाष?"

रणजितला हसू आवरेना, आणि मग ते आपोआप आवरलं.

मी सगळं सांगून टाकलं. नोकरीचंही, स्थळाचंही. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी शांतपणे पुढची ओळ घेतली आणि तक्ता पुरा केला. फक्त तीन रकाने कोरे ठेवले, तारीख, वय आणि ताकद. कागद काढून माझ्या हातात दिला.

"काँक्रीट मला कळत न्हाय. तू आकडा लिवलास तर मी आकडा मारतो, त्यो खरा का खोटा मला काय ठावं? पर जे मला ठावं हाय ते खोटं मी मारणार न्हाय. सरांच्याकडं जा. त्यांनी 'असंच घाला' म्हटलं तर दुसऱ्या टायपिस्टाकडं जा. मी रागावणार न्हाय."

"आणि सरांनी रिपोर्टच अडवला तर?"

"तर अडवला." मग त्यांनी विचारलं, "कच्च्या आकड्यांची चिठ्ठी हाय न्हवं? का तीबी टाकली?"

चिठ्ठी होती. मी कागद टाकत नाही. लॅबमधल्या असिस्टंटने पेन्सिलीने लिहून दिलेले आकडे फाइलच्या कप्प्यात होते.

आमचे गाईड पाटील सर. त्यांनी चिठ्ठी आणि माझा तक्ता शेजारी ठेवले आणि ओळीओळीने ताडून पाहिलं. म्हणाले, "साधे ठोकळे आणि राखेचे ठोकळे एकाच दिवशी फोडलेत ना? मग तुलना बिघडलेली नाही. पण राखेचं काँक्रीट ताकद उशिरा धरतं. तू दोन्हींतून सारखंच वजा केलंस, ते कशाच्या आधारावर?" मी म्हणाले, अंदाजाने. सरांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "खरे आकडे घाला, तेहतीस दिवस लिहा, खाली कारण लिहा. सही मी करीन. बाहेरचे परीक्षक काय म्हणतील ते मात्र मला सांगता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी तो कागद पुन्हा मशीनमध्ये चढवला. एकदा काढलेला कागद परत त्याच ओळीवर बसवणं फार अवघड. अक्षर केसभर वर-खाली झालं तरी दिसतं. अक्कांनी रूळ हाताने फिरवत, डोळा बारीक करत, श्वास रोखून तो बसवला आणि रिकाम्या रकान्यांत आकडे भरले. कुठे जोड दिसत नव्हता. खाली टीप मारली, की सार्वजनिक सुट्टी व मशीन उपलब्ध नसल्यामुळे चाचणी तेहतिसाव्या दिवशी घेतली. टीप वाचून म्हणाल्या, "आता हे तुमचं झालं. जावा, बाइंडिंगला टाका."

तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक वयस्कर होते. काळ्या रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा आमचा रिपोर्ट त्यांनी मधोमध उघडला, आणि नेमका तोच तक्ता आला.

"तेहतीस दिवस? हा कुठला नियम?"

"सर, मध्ये रंगपंचमी आली," रणजित म्हणाला.

"दर वर्षी येते. वेळापत्रक कुणी केलं होतं?"

"मी, सर," मी म्हणाले. "चूक माझी."

परीक्षकांनी पुढची वीस मिनिटं आम्हाला राखेवरून धारेवर धरलं. राख किती बारीक चाळली, पाणी किती वाढवावं लागलं, कुठल्या गुऱ्हाळाची. रणजितने मामाच्या चुलाणाचं असं वर्णन केलं, की ते दोनदा हसले. उठताना त्यांनी खिशातली छोटी वही काढली आणि आमच्या तक्त्यातले दोन आकडे उतरवून घेतले. वेळापत्रकाच्या चुकीचे गुण कापलेच. शेजारच्या ग्रुपपेक्षा आम्ही मागे राहिलो. पण पास झालो, पहिल्या वर्गात, आणि जुलैमध्ये मी पुण्याला रुजू झाले. पेढे घेऊन अक्कांकडे गेले तर त्यांनी आधी बाइंडिंग मागितलं. पाठीवरची नावं बोटाने तपासली आणि मगच पेढा तोंडात टाकला.

पुढे मी साइटवर गुणवत्ता तपासणीच्या कामात स्थिरावले. लग्न केलं, तेही चार वर्षांनी आणि माझ्या पसंतीने. कोल्हापूरला आले की अक्कांकडे चक्कर असे. दोन हजार सालानंतर त्यांनीही संगणक घेतला. पन्नाशी ओलांडल्यावर माउस धरायला शिकल्या. "ह्यो उंदीर सरळ चालत न्हाय," म्हणत, पण समास अजून दीड इंचच. पोरं आता हस्तलिखितं आणत नव्हती. सीडी आणायची आणि म्हणायची, फक्त नावं बदला. अक्का त्यांनाही तोच पहिला प्रश्न विचारत. पुष्कळजण सीडी उचलून समोरच्या सायबर कॅफेत जात. अक्का त्यांना अडवत नसत.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. मला महिनाभराने कळलं, रणजितच्या फोनवरून. अक्का जाण्याआधीच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे तासभर बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा होता. गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा मी इतक्या वर्षांचा मनातला प्रश्न विचारला.

"अक्का, त्या वर्षी सगळेच ग्रुप थोडंफार तसंच करत होते. तुम्ही आम्हालाच का धरलंत?"

"बाकीच्यांच्या कागदावर तारखाच नसत्यात, बाई. '२८ दिवस' एवढंच लिवत्यात. त्यास्नी काय धरायचं? तू एकटीच सगळ्या तारखा घालून आलतीस."

"म्हणजे तारखा घातल्या नसत्या तर मी सुटले असते."

"सुटली असतीस की," अक्का म्हणाल्या. "आन् राखेनं खरी किती ताकद धरली, ते त्या चिठ्ठीतच ऱ्हायलं असतं."