एक जुलैचे साडूभाऊ

तारखेवर इतका जीव आणि माणसावर इतका संशय असलेला प्राणी अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात आमच्या साडूभाऊंखेरीज दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. लग्नपत्रिका हाती पडली की नवरा-नवरीची नावं वाचायच्या आधी ते तारीख आणि वार जुळतो का ते बघत. एकदा गोरेगावच्या बाजारात त्यांनी बोदलकसा तलावावरच्या मासेवालीला विचारलं, "मासा केव्हाचा?" "आजचा." "आज म्हनजे किती तारीख?" बाई म्हणाली, "घ्याचा असन तं घ्या जी. मी का मास्याची सोयरीक जोडून राहिली?" साडूभाऊ रिकाम्या पिशवीने परतले, आणि वर बाईच खोटी म्हणून आम्हाला सांगत बसले.

असा माणूस तालुक्याच्या एका कचेरीत कंत्राटी कॉम्प्युटरवाला झाला, हे आमचं दुर्दैव. तिथं ते 'आर' नावाची संगणकाची भाषा शिकले. बैलाला टोचतात ती आर वेगळी, असं ते सांगत. मला पुढे दोन्ही सारख्याच वाटल्या. निराधारांच्या पेन्शनच्या तक्त्यात जन्मतारखा मन मानेल तशा भरलेल्या: कुठे टिंब, कुठे तिरपी रेघ, कुठे महिना आधी, एका जागी तर नुसतं 'पोळ्याचा दुसरा दिवस'. साडूभाऊंच्या प्रोग्रॅमने तांदळातले खडे वेचावेत तशा त्या साऱ्या वेचल्या. निघालं काय, तर अर्धा तालुका एक जुलैला नाहीतर एक जानेवारीला जन्मलेला!

आता आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जुलै लिहीत, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांना आधार कार्ड काढणाऱ्याने एक जानेवारी देऊन टाकली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. साडूभाऊ म्हणाले, "इतके लोक एकाच दिवशी जनमतेत का? खोटं आहे सारं." प्रोग्रॅमने त्या नावांपुढे 'संशयित' लावलं, साहेब खूश झाले आणि चौकशी होईपर्यंत साऱ्यांची पेन्शन थांबली. त्यांत नवेगाव बांध या गावी एकट्या राहणाऱ्या सासूबाईही होत्या, त्यांच्या आणि माझ्याही. त्याच आठवड्यात, एक जुलैला, साडूभाऊंनी स्वतःच्या वाढदिवसाचे पेढे वाटले. मी खाल्ला नाही.

सासूबाई लेकींच्या घरचं पाणीही बेतानेच पीत. पेन्शन होती म्हणून त्या कोणाच्या दारी गेल्या नव्हत्या. ती थांबल्यावर त्यांनी कोंबड्या विकल्या आणि एसटीने कचेरी गाठली. मी सोबत होतो. डोक्यावर पदर घेऊन त्या जावयापुढे उभ्या राहिल्या. "धानाच्या रोवण्याच्या दिवसात झाली जी मी. माय बांधीतून चिखलाच्या पायानं घरी आली, अन् मी झाली. समोर उभी आहो ना, मंग खोटी कशी?"

"नियम म्हनजे नियम, आई. तारीख सांगा."

त्या दिवसापासून हा माणूस मला नकोसा झाला. चौकशी संपायच्या आधीच सासूबाई गेल्या. आमचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. त्या गेल्याची तारीख तक्त्यात साडूभाऊंनीच भरली. तिच्याबद्दल प्रोग्रॅमची काही तक्रार नव्हती.

पुढच्या एक जुलैला पेढे आले नाहीत. चांगलं टोचून बोलायचं ठरवूनच मी फोन लावला. "काऊन जी, वाढदिवस नाही का आज?"

"माझा नाही तो, भाऊ," साडूभाऊ हळूच म्हणाले. "माय सांगे, मी धान कापाच्या दिवसात झालो. तारीख गुरुजीनं टाकली." मग म्हणाले, "आईले हेच सांगाचं राहून गेलं."