आईंच्या हातातल्या पिशव्या
माझ्या सासूबाई बासष्टाव्या वर्षी रोज सकाळी आमच्या इंद्रलोक वसाहतीतून चालत गोडदेवच्या बाजारात जायच्या आणि दोन पिशव्या भरून भाजी आणायच्या. आमची इमारत बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर. येताना मधे एकदा पिशव्या टेकवायच्या, तेवढंच. भाजीवालीशी मनासारखी घासाघीस झाली की त्यांचा दिवस चांगला जायचा. गुडघे दुखतात, हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी समोरच्या बाईने मला जिन्यात गाठलं. "भाभी, इस उमर में मांजी से सब्जी मंगवाते हो? अच्छा नहीं लगता."

मी ऑफिसातून घामाघूम होऊन येत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला एक शब्द बोलले नाही, शेजारधर्म ना! वर जाऊन नवऱ्यावर ओरडले. ओझी तुझी आई वाहते आणि लोक शेण माझ्या तोंडात घालतात, म्हटलं. त्याला ते लगेच पटलं. पटायला त्याचं काय जात होतं? दुसऱ्या दिवसापासून वाण्याला फोन, भाजी दारात, दूध दारात. "आई, तुम्ही आता आराम करायचा," मी फर्मान काढलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा मी खूश झाले. किती गुणाची सून मी!

दीड वर्षात त्यांचं वजन बारा किलोंनी वाढलं. रक्तात साखर निघाली, गुडघे सुजले. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला, नाहीतर जिना सुटेल. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचा जिना सुटला की बाकी काय उरतं? चार भिंती आणि टीव्ही.

आम्ही शहाण्यांनी काय केलं, तर पांढरे बूट आणले. शनिवारी मी त्यांना खाली घेऊन गेले, इमारतीभोवती फेऱ्या मारायला. साडीखाली बूट घालून, भिंतीला हात लावत त्या चालत होत्या. दुसऱ्या फेरीला गेटपाशी तीच बाई. "बहुत अच्छा मांजी, चलना तो चाहिए."

माझ्या संयमाचा बांध फुटला. "आपने ही बंद करवाया था इनका चलना."

"मैंने? मैंने तो ऐसे ही बोला था," ती म्हणाली. आणि खरंच, तिला ते आठवतसुद्धा नव्हतं.

वर येताना पहिल्या मजल्यावरच आई पायरीवर बसल्या. मी अजून धुमसत होते, त्या बाईचा उद्धार चालूच होता.

"तिला कशाला बोलतेस?" आई म्हणाल्या. "तू ओरडलीस ते मी आतून ऐकलं होतं. लोक तुला नावं ठेवतायत म्हणून बसले मी घरी. मला काय, चालायलाच आवडायचं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण त्यांना उठता येईना. शेवटी मी दोन्ही हातांनी ओढून त्यांना उभं केलं. अजून दोन मजले बाकी होते.